मधल्या फुलापाशी साचणारं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय हंबीरराव साहेब, व्यासपीठावरच्या मुख्याध्यापिकाबाई, आज सेवेतून निवृत्त होत असलेल्या आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या श्रीमती आक्काताई पिराजी मधाळे, त्यांच्या कन्या सोनमताई, कुरुंदवाडहून आलेले आणि पुढची खुर्ची देऊ केली तरी शेवटच्या रांगेत जाऊन बसलेले अमीन मिस्त्री, शिक्षक बंधुभगिनींनो, आणि मे महिन्याची सुट्टी मोडून आलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

तुमच्या हातातल्या पत्रिकेत सत्कार आधी आणि माझं भाषण नंतर छापलं आहे. ते आज उलटं झालं. आक्काताईंनीच करायला लावलं. "आधी सरांस्नी बोलू द्या," म्हणाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना वाटलं, केवढा हा आदर! बाई, तो आदर नव्हता. तो काय होता ते मी सांगणार आहे.

या शाळेत मी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी मुलींना कविता म्हणून दाखवायला येत राहिलो. या व्यासपीठावर मी किती वेळा उभा राहिलो असेन, त्याची मोजदाद नाही. पण आज टेबलावर ठेवलेला हा कागद भाषणाचा नाही; तो कशाचा ते शेवटी सांगतो.

सात वर्षांपूर्वी, दसऱ्यानंतरच्या सोमवारी, याच हॉलात, सगळ्यांच्या देखत आक्काताईंवर एक ठपका ठेवला गेला. तो खोटा होता. हे मला आज सांगायचं आहे, आणि दुपारी दोनच्या आत सांगायचं आहे. दोन वाजता ऑफिस बंद होतं आणि आक्काताईंची सेवापुस्तिका पेन्शनच्या कागदांबरोबर कायमची बाहेर जाते. आत्ता साडेबारा झाले आहेत. म्हणजे वेळ आहे. म्हणजे, असं मी मनाला सांगतो आहे.

पण मुलींनो, आधी जरा पायाखाली बघा. तुम्ही ज्यावर चपला काढून बसला आहात, ती फरशी १९५१ सालची आहे. हिला मोझॅक म्हणतात. संगमरवराचे बारीक तुकडे सिमेंटमध्ये कालवून इथल्या इथे ओतायचे आणि मग दगडानं घोटायचे. पांढरे, हिरवे, तांबडे, मध्ये कुठे काळा. आणि बरोबर मध्यभागी, पितळेच्या पट्टीत बांधलेलं आठ पाकळ्यांचं फूल. मी नोकरीला लागलो तेव्हा या फुलावर उभं राहून मुली कविता म्हणायच्या. आवाज तिथून चांगला लागतो अशी एक समजूत होती. शास्त्र काय ते मला ठाऊक नाही, पण तिथे उभी राहिलेली मुलगी ओळ विसरलेली मी पाहिली नाही. श्रावणातल्या दुपारी उजव्या खिडकीतून ऊन यायचं, ते फुलाच्या तिसऱ्या पाकळीपर्यंत सरकलं की तास संपायचा. घंटा नंतर व्हायची.

मी लांबण लावतो आहे. आक्काताई माझ्याकडे बघताहेत. बरं.

तर पन्नास वर्षांत या फरशीचं काय झालं असेल? नाटकांचे रंग, स्नेहसंमेलनाच्या मंडपाचे खांब, परीक्षेची बाकडी ओढल्याचे ओरखडे, फिनेल आणि तेल. २००१ साली सुवर्णमहोत्सव आला तेव्हा ती जुन्या तव्यासारखी दिसत होती. समितीची बैठक झाली. साहेब, आपण तेव्हाही अध्यक्ष होता. आपलं म्हणणं होतं, वरून नव्या टाइल्स बसवू, तोंड दिसेल अशा. मी समितीचा चिटणीस होतो. मी उभा राहून म्हणालो, फरशी मेलेली नाही, ती फक्त झाकली गेली आहे. मग बालपण, पाऊलखुणा वगैरे बरंच बोललो. आपण हसलात आणि म्हणालात, "सर, कविता ऱ्हाऊ द्या. फरशीचं काय वाईट झालं तर जबाबदार कोण?"

मी म्हणालो, "मी." ते इतिवृत्तात लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात आहे.

अमीन मिस्त्री आले ते घटस्थापनेच्या आधी. त्यांनी काम बघितलं ते उभं राहून नव्हे. ओणवे झाले, ओल्या बोटानं एक जागा चोळली, त्या बोटभर जागेतून एक हिरवा तुकडा वर आला आणि म्हणाले, "सर, आतून चांगली हाय. वरचा मळ काढाय पाहिजे, बास." मग त्यांचं यंत्र सुरू झालं. आधी भरड दगड, मग मध्यम, मग बारीक. हॉलभर राखाडी चिखल आणि असा आवाज की शेजारच्या वर्गात पाढे बंद. तो चिखल बादल्यांनी बाहेर कोण काढत होतं? आक्काताई. त्या तेव्हा पंधरा वर्षं शाळेत झाडलोटीच्या नोकरीत होत्या, आणि त्यांना कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात संस्थेपुढे होता. हे लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भरड घासणी पूर्ण झाली. दसऱ्याची सुट्टी म्हणून मिस्त्री गावी निघाले. जाताना मला हॉलात घेऊन गेले आणि म्हणाले, "सर, एक ध्यानात ठेवा. फरशी आत्ता उघडी हाय. हिच्या अंगावरची छिद्रं अजून बुजवली न्हाईत. पाणी सांडलं तर पाणी पील, च्या सांडला तर च्या पील. मी येऊस्तवर कुणाला आत सोडू नगा. कुलूप लावा."

मी म्हणालो, "मिस्त्री, निश्चिंत जा."

आता तुम्ही मला सांगा, खंडेनवमीला आपल्या कोल्हापुरात काय करतात? तालमीत गदा पुजतात, वर्कशॉपात लेथ पुजतात, रिक्षावाले रिक्षाला हार घालतात. घरात विळीलासुद्धा हळदकुंकू लागतं. आणि मी, संध्याकाळी हॉलाच्या दारातून आत बघतो, तर मध्यभागी, त्या फुलावर, मिस्त्रींचं यंत्र एकटं उभं. ज्यानं आपली फरशी उजळायला घेतली त्याला आज कुणी फूल वाहिलं नाही? माझ्या मनाला ते सोसेना. किल्ली माझ्याकडेच होती; दुसरी झाडलोटीसाठी आक्काताईंकडे असायची. घरी गेलो, तबक आणलं, झेंडू, हळदीचं घरगुती कुंकू, नारळ. हळदकुंकू पाण्यात कालवलं, यंत्राला पाच बोटं ओढली. या प्रसंगासाठी मी चार ओळी रचल्या होत्या, त्या म्हटल्या:

घासतोस तू अंग भुईचे, उजळे चांदणराशी,
दगडाच्या रे पोटी होती जपलेली ही काशी,
तुला वाहतो फूल पिवळे, तुला वाहतो पाणी,
तुझ्यामुळे ही भुई बोलते पन्नाशीची वाणी.

हसा. ओळी तशा हसण्यासारख्याच आहेत. पण त्या म्हणताना मी डोळे मिटले होते, आणि नारळ यंत्राच्या लोखंडी पायावर फोडला होता. नारळाचं पाणी, कालवलेलं कुंकू, हळद, सगळं मिळून फुलाच्या मधोमध उतरत होतं. मी "तुला वाहतो पाणी" म्हणत होतो आणि ते खरंच वाहत होतं. डोळे उघडले तेव्हा अंधारून आलेलं. दिवे लावले नाहीत. कुलूप लावून घरी आलो आणि फार छान झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी सहाला निर्माल्य उचलायला गेलो. यंत्र बाजूला सरकवलं. खाली परातीएवढा लाल डाग होता. मी ओल्या फडक्यानं पुसला. तसाच. साबण लावला. तसाच. फरशी प्यायली होती. मिस्त्रींनी सांगितलं होतं तशीच.

मुलींनो, भीती कशी असते ते मी तुम्हाला कवितेतून पुष्कळदा समजावून सांगितलं आहे. मला ती तोपर्यंत माहीत नव्हती. सोमवारी साहेब येणार, डाग बघणार, आणि टाइल्सचा ट्रक दारात उभा राहणार. सगळ्या कोल्हापुरासमोर मी जिच्यासाठी भांडलो तिला मीच डाग लावला. चिटणीस म्हणून माझ्याकडे शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा होता. जिन्याखालच्या कपाटात संडास धुवायचं ॲसिड असतं हे मला ठाऊक होतं. ते कपाट आक्काताईंचं.

मी ॲसिड ओतलं.

फरशी फसफसली. आणि काय सांगू, लाल रंग बघता बघता गेला, फिकट पिवळा झाला. मला वाटलं, सुटलो. मी वर बादलीभर पाणी टाकलं, आणि पाणी टाकताच लाल परत आला. हळद आंबटात पिवळी होते आणि सिमेंटच्या चुन्यात परत लाल, हे मला पुढे शास्त्राच्या बाईंनी समजावलं. मी पुन्हा ओतलं. चार वेळा. शेवटी रंग बराच गेला, पण बोट फिरवलं तर खरखर लागू लागली. संगमरवराचे तुकडे पांढरेफटक, मधलं सिमेंट खाल्लेलं, फूल देवीच्या व्रणासारखं झालेलं. मी बाटली परत कपाटात ठेवली, दार लावलं आणि घरी जाऊन सोनं वाटलं. लोक पाया पडायला येत होते. मी सगळ्यांना आशीर्वाद दिले.

साहेब, आपण आत्ता मान खाली घातलीत. मला थांबवू नका, थांबलो तर पुढचं होणार नाही.

सोमवारी सगळे याच हॉलात गोल उभे होतो. मिस्त्रींनी वाकून वास घेतला. "ॲसिड हाय," म्हणाले. मग नखानं खरवडून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्यात हळद बी हाय." कुणी लक्ष दिलं नाही. साहेबांनी विचारलं, "ॲसिड कुणाकडं असतं?" आक्काताईंना बोलावलं. त्या हातातला खराटा बाहेर ठेवून आल्या. साहेब म्हणाले, "फरशी धुवाय तुला कुणी सांगितलं?"

"मी न्हाय धुतली, सायब."

"मग कपाट कुणाचं?"

"कपाट माझं हाय की. पर ॲसिड मी न्हाय वतलं."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच.

त्या घोळक्यात आम्ही सात-आठ शिकलेली माणसं होतो. मिस्त्रींनी हळद म्हटलं होतं. आक्काताईंचं घर छप्पन्न सालापासून बौद्ध. त्यांच्या घरी हळदकुंकवाचं तबक नाही, खंडेनवमी नाही. दसऱ्याला त्या पांढरी साडी नेसून वंदनेला जातात, हे सगळ्या शाळेला माहीत. एकानं जरी दोन आणि दोन चार केले असते! पण केले नाहीत, कारण झाडूवालीचं कपाट म्हटल्यावर हिशेब आधीच सुटलेला होता. आणि ज्याला उत्तर पाठ होतं, तो मास्तर गप्प होता.

त्या दिवसापासून मुली त्यांना "ॲसिडवाली मावशी" म्हणू लागल्या. तुमच्या मोठ्या बहिणी. मी शनिवारी कविता शिकवत असताना ते माझ्या कानांवर यायचं, आणि मी आवाज थोडा वाढवून पुढची ओळ घ्यायचो.

पुढचं मिस्त्रींनी निभावलं. मधलं फूल त्यांनी यंत्र न लावता हातानं घासलं, चार दिवस, गुडघ्यांवर. खाल्लेला थर काढावा लागला म्हणून फूल सुताभर खाली गेलं. एकेक गेलेला तुकडा जुळवून भरला, छिद्रं बुजवली, बारीक दगड, मग मेण. महोत्सवाच्या दिवशी ही फरशी अशी दिसली की पहिल्या तुकडीच्या आजीबाई वाकून हात लावून बघत होत्या. टाइल्सचं नाव कुणी काढलं नाही. त्याच दिवशी याच जागी "फरशी वाचवणारे सर" म्हणून माझा सत्कार झाला. आक्काताई तेव्हा दारात चपलांवर लक्ष ठेवायला होत्या.

साहेबांनी आत्ता मला हळूच काहीतरी विचारलं. माईकमधून गेलंच आहे, तर सगळ्यांनाच सांगतो. साहेब म्हणाले, "सर, सात वर्षं काय करत होता?"

आधी तीन आठवडे महोत्सव होऊ दे म्हणत होतो. मग सत्कार झाला, आणि सत्कारानंतर दुसऱ्याच दिवशी कसं सांगायचं? मग मला वाटलं, लोक विसरले असतील. दर वर्षी ते थोडं जड होत गेलं. मी कुणाला ठरवून फसवत होतो असं मला कधी वाटलं नाही. मला फक्त रोज वाटायचं, आज नको.

या महिन्यात मुख्याध्यापिकाबाईंनी मला निरोपाचं भाषण करायला सांगितलं आणि तारखा बघायला म्हणून आक्काताईंची सेवापुस्तिका समोर ठेवली. तिच्यात लाल शाईत शेरा आहे. "निष्काळजीपणामुळे संस्थेच्या मालमत्तेचे नुकसान. सक्त ताकीद." मी समजत होतो, तोंडी बोलणं झालं आणि मिटलं. नाही. त्या शेऱ्यामुळे त्यांना कायम करण्याचा कागद तीन वर्षं मागे राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीबद्दल त्या पुस्तिकेत तारखांखेरीज एवढंच एक वाक्य आहे.

गेल्या रविवारी मी के.एम.टी.च्या बसनं गडमुडशिंगीला त्यांच्या घरी गेलो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो. आक्काताई अंगणात शेंगा वाळवत होत्या. म्हणाल्या, "या की सर. इतक्या लांब कसं आलासा?" सोनमताईंनी पाणी दिलं. मी जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हणालो, "आक्काताई, ते ॲसिड मी ओतलं होतं."

त्यांनी शेंगा वाळवायचं थांबवलं नाही. म्हणाल्या, "मला म्हाईत हाय की."

"कसं?"

"दसऱ्याच्या सकाळी मी वंदनेला जाताना तुमी शाळंच्या फाटकातनं भाईर येत हुतासा. मी नमस्कार केला, तुमी हात जोडलासा. दोनी तळहात पिवळंधमक. सोमवारी मिस्त्री हळद म्हणालं तवाच कळालं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"माझं कोण ऐकणार हुतं, सर? तुमी सांगशीला म्हणून मी वाट बघितली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मग वाट बघायचं सोडलं."

मी माफी मागू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, "हितं नगं. हितं शेंगा ऐकत्यात निस्त्या. हॉलात मला बोललं, हॉलात सांगा, सत्काराच्या आदी. आन् बरं वाटावं म्हणून मला देवबिव करू नगासा. जे झालं तेवढंच सांगा."

सोनमताई इतका वेळ चौकटीत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मी नववीत होते. तुमच्या शनिवारच्या तासाला यायचे. दसऱ्यानंतर यायचं बंद केलं. तुम्ही एकदाबी विचारलं न्हाई, का म्हणून."

पाण्याचं भांडं मी खाली ठेवलं आणि उठलो.

निघताना मी आक्काताईंना विचारलं, या सात वर्षांत तुम्हाला माझा राग येत नव्हता का? त्या म्हणाल्या, "रोज सकाळी यायचा. हॉल पुसला की फुलापाशी पाणी साचतंय. सुताभर खाली हाय न्हवं ते? दुसरं कोरडं फडकं घेऊन परत पुसाय लागायचं. तवा यायचा. मग पुढच्या वर्गात गेले की काम असायचं."

हे मला कधीच माहीत नव्हतं. फूल खोल गेलंय हे मला ठाऊक होतं, मिस्त्रींना ठाऊक होतं. पण तिथे रोज पाणी साचतं आणि ते कुणीतरी रोज दोनदा पुसतं, हे मी कसं विचारात घेतलं नाही? मी तर या फरशीवर कविता केल्या होत्या.

साहेब, मी एक निवेदन लिहून आणलं आहे. तेच हे टेबलावरचं. यात मी जे इथे बोललो ते तारखेसह लिहिलं आहे आणि खाली सही केली आहे. २००१ च्या इतिवृत्ताची प्रत जोडली आहे, ज्यात जबाबदारी माझी असल्याचं मीच लिहिलं होतं. त्या सोमवारी आपण चिडलात, पण आपल्याला खोटं दिसावं अशी व्यवस्था मी केली होती. आता खरं आपल्या हातात आहे. सेवापुस्तिका लेखनिकांनी बाहेर तयार ठेवली आहे. तो शेरा रद्द केल्याची नोंद आपल्या सहीनं व्हावी, आणि ती आज व्हावी, एवढी विनंती मी या सगळ्यांच्या देखत करतो.

...

साहेब उठले. मुलींनो, टाळ्या नकोत. कृपा करून टाळ्या नकोत. साहेब ऑफिसात निघाले आहेत. मुख्याध्यापिकाबाई, आपणही जा, आपली सही लागेल. आम्ही थांबतो.

तोवर माझं उरलेलं सांगतो आणि बसतो. अमीन मिस्त्री, हळद ओळखूनही आपण त्या दिवशी पुढे काही म्हणाला नाहीत. आपलं काम माझ्या एका शब्दावर होतं, हे मी जाणतो. चार दिवस गुडघ्यांवर बसून आपण माझी चूक घासलीत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. सोनमताई, मी विचारायला हवं होतं.

बोलण्यात काही उणंअधिक झालं तर पोटात घाला, असं म्हणून वक्त्यानं खाली बसायचं असतं. आजवर मी ते म्हणत आलो. आज म्हणवत नाही. आक्काताई, चूक माझी होती, ॲसिड मी ओतलं, आणि तुम्हाला बोल लागत असताना मी पाहत उभा राहिलो. तुम्ही क्षमा करावी असं मी मागत नाही. तुम्ही म्हणालात तेवढंच सांगितलं. काही राहिलं असेल तर इथेच, या सगळ्यांसमोर, मला थांबवून सांगा. मी उभा आहे.